जपानमधलं गोडधोड आणि साध्या खाणावळी : जाणाऱ्यांच्या कामाचं लिहा

काय, कधी, कसं खायचं आणि घोळ नेमका कुठे होतो, एवढंच हवंय.

—

दाइफुकु (पुरण भरलेली मोची, म्हणजे चिकट तांदळाचा मऊ गोळा), दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे) घेतलेत की त्याच दिवशी संपवा. हॉटेलच्या फ्रिजमध्ये तर मुळीच नको. गारव्यानं तांदळातला स्टार्च झपाट्यानं आवळतो आणि मऊ मोची कडक होते. वाराबीमोचीसुद्धा (नेच्याच्या स्टार्चचा जेलीसारखा गोड पदार्थ) खायच्या आधी २०-३० मिनिटंच गार करा, जास्त ठेवलीत तर पांढुरकी पडते. घरच्यांसाठी न्यायचं तर सीलबंद योकान. आझुकी (बारीक लाल कडधान्य), साखर आणि अगर (समुद्री शेवाळाची जेली), महिनोन्महिने टिकतं.

—

आन्को म्हणजे आझुकीचं पुरणच, फक्त वेलची-जायफळ नाही. सालासकट ते त्सुबुआन, गाळलेलं ते कोशिआन. पहिल्यांदा खाणाऱ्यांनी कोशिआन घ्यावं. माच्चासोबत (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) आलं तर आधी गोड पूर्ण खा, मग चहा. तोंडात रेंगाळलेल्या गोडीवरच तो कडूपणा खुलतो. साकुरामोचीचं (चेरीच्या पानात गुंडाळलेली मोची) खारवलेलं पान खाता येतं, ५ मेच्या बालदिनाच्या काशिवामोचीचं (ओकच्या पानातली मोची) मात्र काढून टाकायचं. जूनअखेरीला क्योतोत असाल तर मिनाझुकी चुकवू नका, तांदळाच्या पिठाचा त्रिकोणी तुकडा, वर आझुकी. इतकं साधं आणि इतकं सुंदर!

—

शाकाहारी मंडळींनो, गोडात अडचण कमी. दोरायाकी (पुरण भरलेले पॅनकेक) आणि कासुतेरात (स्पंज केक) अंडं असतं, तेवढं सांभाळा. खरी गोची खाणावळीत. कित्सुने उदोनवर (गव्हाच्या जाड शेवया) दिसतं फक्त तळलेलं तोफू, पण रश्शाची दाशी (मूळ अर्क) बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवलेल्या माशाची. झारु सोबाच्या (कुट्टूच्या गार शेवया) त्सुयुतही, म्हणजे बुडवायच्या रसातही, तीच. 'निकु नाशी' (मांस नको) म्हटल्यानं मांस टळतं, मासा टळत नाही; 'कात्सुओ दाशी' असं नाव घेऊनच विचारा. बिनघोर जेवायचं तर बौद्ध देवळातलं शाकाहारी शोजिन र्‍योरी, तिथे दाशी कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमची.

—

उभ्यानं खायच्या सोबाच्या ठेल्यावर दाराशी तिकिटाचं यंत्र असतं. आधी पैसे, मग बटण. जुनी यंत्रं १००० येनचीच नोट घेतात, ती सुटी ठेवा. उरलेले पैसे आले नाहीत तर कडेचा खटका फिरवा. तिकीट काउंटरवर ठेवलं की सोबा की उदोन, गरम की थंड, एवढंच विचारतील. पाणी फुकट, टिप नाही, भांडी बहुतेक ठिकाणी आपणच परत द्यायची. बऱ्याच लहान खाणावळी दुपारी दोन ते पाच बंद असतात.

—

वरच्यात भर : झारु सोबा संपत आली की सोबायु येतं, म्हणजे सोबा उकडलेलं गरम पाणी. उरलेल्या त्सुयुत ओता आणि प्या. इझाकायात (दारूसोबत खाणं देणारी खाणावळ) न मागता आलेली वाटी म्हणजे ओतोशी, तिचे साधारण ३०० ते ५०० येन बिलात लागतात.