बहिणीचं प्रकरण कोर्टाने मध्यस्थीला पाठवलं, तिथं होते काय?

कपाशीवाला: बहिणीचा घटस्फोटाचा दावा यवतमाळला सुरू आहे. जजसाहेबांनी मध्यस्थीची तारीख दिली. मामा म्हणतात, "तिथं पोरीची समजूत घालून नांदाले पाठवतात, जाऊच नका." ती काही केल्या परत जात नाही. पोरगा पहिलीत, सोनं सासूच्या कपाटात, शेत सासऱ्याच्या नावावर. काय करावं?

वकीलताई: न्या तिले, भाऊ. मी वकिली करते, मध्यस्थ म्हणूनही बसते. एकत्र राहता का, हे आम्ही विचारतो. ठाम नाही म्हटलं की बोलणं पोराकडे अन् पैशाकडे वळवतो. दोघांशी वेगवेगळंही बोलतो. तिनं एकटीत सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय नवऱ्याले कळत नाही. निकाल मी देत नाही. जमलं तर लेखी समझोता, नाही तर "जमलं नाही" एवढंच कोर्टाले कळवतो. मारहाण झाली असेल तर आधीच सांगा, समोरासमोर बसवत नाही.

सोन्याची यादी वजनासकट करून आणा, लग्नातले फोटो असले तर उत्तम. सासऱ्याचं शेत नवरा देऊ शकत नाही, त्यावर वेळ घालवू नका. अन् "कापूस विकला की पैसे देतो" हे कागदावर येऊच देऊ नका! कापूस घरात भाव वाढायची वाट पाहत बसते, इकडे पोराची फी थकते. रक्कम अन् तारीख लिहून घ्या. दिवाळीत पोरगा कोणाकडे, आणाले-पोचवाले कोण, तेही लिहा.

सहमतीनं घटस्फोट घ्यायचं ठरलं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्ज होतो. त्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं लागते. अर्जानंतर सहा महिने थांबायची मुदत कोर्ट माफ करू शकते, सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलं. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाले उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळते.

दारव्हेकर: आमच्या वेळी दोन्हीकडचे काके-मामे व्हरांड्यातच भांडले. मध्यस्थ मॅडमनं सगळ्यायले बाहेर काढलं, तवा कुठं आमचं दोघांचं बोलणं झालं. पोरीच्या ताब्याचं ठरलं, पैशाचं नाही ठरलं. तेवढ्यासाठी अजून तारखा चालू हायेत.

कपाशीवाला: मामा तर सोबत येतोच म्हणतात.

वकीलताई: येऊ द्या. कॅन्टीनमध्ये बसवा.