मदत हवी आहे: ४० चे इन्सुलिन आणि १०० ची सिरिंज

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून सध्या माझी पोस्टिंग मेडिसिन वॉर्डमध्ये आहे. मात्रा काढण्याची उदाहरणे मला कागदावर जमतात. तरीही परवा सकाळी इन्सुलिन भरताना माझ्या हातून चूक होता होता राहिली आणि त्यानंतर मिळालेल्या दोन परस्परविरोधी उत्तरांमुळे मी अधिकच गोंधळले आहे.

एका रुग्णाला नाश्त्यापूर्वी अर्धा तास १६ युनिट प्लेन इन्सुलिन त्वचेखाली द्यायचे होते. फ्रिजमधली बाटली प्रति मिली ४० युनिटची होती. ट्रेमध्ये मात्र नारिंगी टोपणाच्या, म्हणजे प्रति मिली १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीच्या सिरिंज होत्या. त्यांतलीच एक घेऊन मी आठव्या रेषेपर्यंत, म्हणजे १६ च्या खुणेपर्यंत औषध ओढले. स्टाफ सिस्टरांनी बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून दाखवली, तेव्हा लक्षात आले की माझ्या हातात ०.१६ मिली, म्हणजे अवघे ६.४ युनिट इन्सुलिन आहे. त्यांनी ते टाकायला लावले आणि लाल टोपणाची, म्हणजे ४० युनिटच्या इन्सुलिनसाठीची सिरिंज आणायला मला शेजारच्या वॉर्डात पिटाळले. नंतर एक सीनियर विद्यार्थिनी म्हणाली की एवढ्या धावपळीची गरजच नव्हती, १६ ला अडीचने गुणून ४० च्या खुणेपर्यंत भरले असते तरी चालले असते. गणित करून पाहिले तर तिचे म्हणणे बरोबर येते. मग सिस्टर इतक्या ठाम का होत्या? आमच्या पाठ्यपुस्तकातील उदाहरणे १०० युनिटचीच असल्यामुळे हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. अनुभवी परिचारिकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

गणित बरोबर आहे आणि सिस्टरही बरोबर आहेत. १६ भागिले ४० म्हणजे ०.४ मिली, आणि १०० च्या सिरिंजवर ०.४ मिली म्हणजे ४० ची खूण, यात वाद नाही. परंतु असे भरले की चार्टवर १६ आणि सिरिंजवर ४० दिसते. मग दुसऱ्या परिचारिकेने पडताळणी करायची ती कशाची? या सिरिंजवर मिलीऐवजी युनिट छापलेले असतात ते रुग्णाच्या खाटेशी उभे राहून गुणाकार करावा लागू नये म्हणूनच. शिवाय अडीचने गुणायची सवय लागलेला हात एखाद्या दिवशी १०० च्या बाटलीसमोरही तेच करील.

उलट दिशेची चूक अधिक घातक असते. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधील, म्हणजे पेनात बसवायच्या औषधाच्या नळीतील इन्सुलिन सहसा प्रति मिली १०० युनिटचे असते. ते लाल टोपणाच्या सिरिंजने १६ पर्यंत ओढले, तर रुग्णाला ४० युनिट जातात. तुमच्या चुकीने साखर चढली असती. या चुकीने घाम, थरथर, गोंधळलेपण आणि वेळीच साखर दिली नाही तर बेशुद्धी येऊ शकते. म्हणून कार्ट्रिजमध्ये सुई खुपसून औषध काढू नये.

टोपणाच्या रंगावरही पूर्ण विसंबू नका, कारण टोपण काढून ठेवले की रंगही गेला. सिरिंजच्या नळीवर छापलेला आकडा वाचा. लाल सिरिंज खरोखरच कुठे मिळाली नाही, तर एक मिलीच्या ट्युबरक्युलिन सिरिंजने (हिच्यावर युनिटऐवजी मिलीच्या खुणा असतात) ०.४ मिली मोजता येते, पण तो निर्णय इन्चार्ज सिस्टरांचा, आणि तोही दुसऱ्या परिचारिकेने स्वतंत्रपणे गणित करून ताडून पाहिल्यावरच. चार्टवर ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिलेला आहे ना, हेही पाहत जा. घाईत लिहिलेले नुसते इंग्रजी ‘यू’ शून्यासारखे दिसते आणि १६ चे १६० होतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. चार्ट आणि सिरिंज यांवरील आकडा एकच दिसला पाहिजे, हे मला कुणी असे सांगितले नव्हते. आज इन्चार्ज सिस्टरांना विचारले, तर लाल सिरिंजचा न उघडलेला खोका आमच्याच कपाटाच्या मागच्या खणात निघाला! एक शंका उरली आहे: परीक्षेत असे उदाहरण आल्यास उत्तर मिलीत लिहावे की सिरिंजवरील खुणेत?

प्रतिसाद

मिलीत लिहा, आणि ते कोणत्या सिरिंजने भरणार हे त्याच ओळीत नमूद करा.