मदत हवी आहे: शेरी आणि गुलाबी वाइन, मालवणी जेवणासोबत

नमस्कार मंडळी. मेव्हणा स्पेनहून शेरीच्या दोन बाटल्या घेऊन मालवणला आलाय. एक फिनो, दुसरी पेद्रो हिमेनेथ. पुढच्या आठवड्यात सगळी भावंडं जमतील तेव्हा उघडायच्या आहेत.

वाचून एवढं समजलंय की शेरी ही स्पेनमधल्या हेरेथ भागातली, वरून द्राक्षांचं स्पिरिट घालून कडक केलेली वाइन. फिनो पिंपात यीस्टच्या सायीखाली मुरते, त्यामुळे तिला हवा लागत नाही. रंग फिकट, चव एकदम कोरडी, अल्कोहोल साधारण १५ टक्के. पेद्रो हिमेनेथची द्राक्षं मात्र आधी उन्हात सुकवतात, म्हणून ती काकवीसारखी काळी, दाट आणि गोड.

फिनो थंड करून तळलेल्या बांगड्यांसोबत द्यायची हे माझं जवळजवळ ठरलंय. पण तिरफळं घातलेल्या माशांच्या तिखल्यासोबत ती चालेल का? तिरफळाने जीभ बधिर होते, वर कोकमाचा आंबटपणा. कुणी प्रत्यक्ष पिऊन बघितलंय? गोड शेरी नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्यांसोबत दिली तर गोडावर गोड होईल, अशी भीती वाटते.

काकीला गोडसर गुलाबी वाइनच हवी. काळ्या द्राक्षांची सालं रसात थोडेच तास ठेवली की तो रंग येतो, पण गुलाबी म्हणजे गोडच असं नाही. मग दुकानात लेबलवरून ओळखायचं कसं? अल्कोहोल ९-१० टक्के असेल तर साखर उरलेली असते, हा अंदाज धरून चालेल का?

आणि उघडलेली फिनो आठवडाभरात संपवावी म्हणतात, तीही फ्रिजमध्ये ठेवून. आमच्याकडे वीज वरचेवर जाते. अर्धी बाटली उरली तर काय करू?