मदत हवी आहे: इंडोनेशियात मवाळ उमेदवार श्रद्धेमुळे निवडून आला का?

एमएच्या सेमिनारला मी इंडोनेशियाची २०१९ ची निवडणूक घेतलीये. जोकोवी (जोको विडोडो) ५५.५ टक्के मतं घेऊन परत राष्ट्राध्यक्ष झाले, जोडीला उपाध्यक्षपदासाठी मारुफ अमीन, म्हणजे नहदलातुल उलामा या तिथल्या सगळ्यात मोठ्या मुस्लिम संघटनेचे एकदम वरचे मौलाना. पूर्व जावात, जिथे या संघटनेच्या निवासी मदरशांचं गावोगावी जाळं आहे, तिथे जोकोवींची मतं २०१४ च्या ५३ टक्क्यांवरून ६५ वर गेली, पण आचे आणि पश्चिम सुमात्रात सपाटून मार खाल्ला, आता तिथले लोक काय कमी धार्मिक आहेत का!

आणि गंमत बघा, याच मारुफ अमीन यांच्या उलेमा कौन्सिलने (मौलानांची देशपातळीवरची परिषद) २०१६ ला जकार्ताचे ख्रिश्चन गव्हर्नर अहोक यांच्यावर धर्माच्या अपमानाचा ठपका ठेवला होता, मग प्रचंड मोर्चे, अहोक २०१७ ला हरले आणि वर २ वर्षांची कैद. मग मवाळ नक्की कोण? मारुफना जोडीला घेणं ही मला तर जोकोवींची निव्वळ टीकेपासून वाचायची ढाल वाटते, आमचे सर म्हणतात नाही, श्रद्धाच.

जकार्ता, सुराबायाकडे राहिलेलं कोणी आहे का इथे? गावातल्या मौलवीने सांगितलं म्हणून लोक खरंच मत देतात का, की रस्ते आणि सरकारी हेल्थ कार्ड बघून? वाचायला काही असेल तरी सुचवा प्लीज.