शिरोलीच्या कामगारांना आणि ऊसतोड टोळ्यांना नाटक, माईक, कॅमेरा शिकवण्यावर पैसे घालावेत का?

पंचगंगा_काठ (धागाकर्ता):
आमच्या भागातल्या एका ट्रस्टकडं कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेल्या पैशातून, थोडा निधी आलाय. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत राबणारे बिहार, यूपी, ओडिशाकडचे कामगार आणि हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्या, यांच्यासाठी नाटक, आवाजाचं रेकॉर्डिंग आणि मोबाईलवरचं एडिटिंग शिकवायचे वर्ग काढायचे असं घाटतंय. बैठकीत यावरून चांगलीच जुंपली. "आधी संडास बांधा, मग नाटकं करा," असं एकानं सुनावलं आणि निम्म्या सभेनं टाळ्या पिटल्या.

माझा या वर्गांना पाठिंबा आहे. कोल्हापूरला बाहेरची माणसं नवी नाहीत. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यात पोलंडच्या जवळपास पाच हजार निर्वासितांची छावणी होती, त्यात बायका-पोरंच जास्त. सोव्हिएत राजवटीनं सैबेरियाकडं पिटाळलेली ही माणसं इराणमार्गे इथवर पोचली. त्यांनी छावणीत शाळा चालवल्या, चर्च बांधलं, स्काउटची पथकं काढली आणि नाटकं-नाचही बसवले. घरदार गेलेल्या माणसांना हे सुचतं, ते काय चैन म्हणून? त्याच्या आधीचं बघा. गवई अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातल्या उणियाऱ्याचे, त्यांना शाहू महाराजांनी दरबारात ठेवून घेतलं. कोल्हापूरचं म्हणून जे गाणं आपण मिरवतो, ते बाहेरून आलेल्या माणसाचं आहे. आणि आज त्याच गावात शिरोलीचा पोरगा म्हणजे नुसता 'भैय्या'. त्याचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसतं.

तिसरी_घंटा:
भावना पोचल्या. आता जरा इथल्यांचंही ऐका. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह आमच्या डोळ्यांदेखत जळालं. तेव्हापासून बॅकस्टेजच्या पोरांनी दिवस कसे काढलेत हे कुठल्या ट्रस्टनं येऊन विचारलं का? आमचा लाईटवाला लग्नाच्या वरातीत डीजेला लाईट लावतोय. मेकअपमनचं कधीच ब्यूटी पार्लर झालं. तालमीला हॉल घ्यायचा तर भाडं खिशातून. सीएसआरचा पैसा आहे ना, मग या गावात जे लोक कलेवरच पोट भरतात त्यांना आधी द्या. सहा महिन्यांनी जो गाव सोडून जाणार, त्याला नाटक शिकवून कोल्हापूरच्या रंगभूमीच्या पदरात काय पडणार?

आणि खाँसाहेबांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ते आले तेच उस्ताद म्हणून. त्यांना कुणी 'प्रशिक्षण' दिलं नाही, त्यांनी इथल्यांना शिकवलं.

पंचगंगा_काठ:
मग उलटू दे की. भोजपुरीत बिदेसिया म्हणून अख्खं लोकनाट्य आहे. कलकत्त्याला कमवायला गेलेला नवरा आणि मागं राहिलेली बायको, एवढ्यावर ते उभं आहे. शिरोलीच्या खोल्यांतून ते कुणाला येत असेल तर वर्ग त्यानं घ्यावा आणि खुर्चीत तुम्ही बसावं. वर्ग म्हटलं की आपणच गुरुजी, असं कुणी ठरवलं?

मोल्डिंग_शॉप:
मी फौंड्रीत सुपरवायझर आहे, त्यामुळं दोन्ही बाजूंनी चाललेली ही कविता जरा बाजूला ठेवतो. फेटलिंगला, म्हणजे ओतीव मालाच्या कडा घासायला, बारा तास ग्राइंडर धरलेला पोरगा बाहेर येतो तेव्हा त्याला हाक मारली तरी ऐकू येत नाही, जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागतो. नाक शिंकरलं की काळी वाळू. खोलीवर आठजण, गॅस एकच, त्यामुळं जेवणाला नंबर. सुट्टीच्या दिवशी कपडे, बाजार, गावाकडं व्हिडिओ कॉल, आणि मग झोप. याला तुम्ही कधी बोलवणार? कुठल्या वेळेला?

दुसरं, मोबाईल त्यांना शिकवायला नकोच. आमची पोरं रील करण्यात तुमच्या वर्गातल्या मास्तरला विकून येतील. लाईट कुठून घ्यायचा, गाणं कुठं तोडायचं, सगळं येतं. एकानं शॉपमध्ये रील काढलं, मागं कस्टमरचं कास्टिंग, म्हणजे त्याचा ओतीव माल, दिसत होतं. सिक्युरिटीनं गेटवर अडवलं आणि दुसऱ्या दिवसापासून ठेकेदारानं त्याला घेतलंच नाही. तुमच्या वर्गात हे कोण शिकवणार? उद्या त्यानं तिथं शिकून अपघाताचा व्हिडिओ टाकला आणि काम गेलं, तर ट्रस्ट त्याला महिनाभर पोसणार आहे का?

रेडिओ_वेडा:
मोल्डिंग_शॉप, मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून वर्ग बंद करा हे निघत नाही. वर्गात काय शिकवायचं ते निघतं. रील काढता येणं वेगळं. कुठं शूटिंग करायला बंदी आहे, कुणाचा चेहरा दाखवायच्या आधी विचारायचं, नाव न देता तक्रार कशी मांडायची, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून तर त्याचं काम गेलं.

आपल्याकडं नमुने आहेत. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून चालतं. गुडगावमध्ये 'गुडगाव की आवाज' २००९ ला सुरू झालं, तिथं मूळ गावकरी आणि बाहेरून आलेले कामगार एकाच केंद्रावर बोलत आले. छत्तीसगडमध्ये 'सीजीनेट स्वर' निघालं, त्याला तर टॉवरही लागत नाही. साध्या फोनवरून निरोप बोलायचा, संपादक ऐकून तपासतो आणि मग तो सगळ्यांना फोनवर ऐकता येतो. बारा तास राबलेल्या माणसाला दोन मिनिटं बोलायला वर्गात यावं लागत नाही.

तिसरी_घंटा:
रेडिओवाले, पूर्ण सांगा की. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीच्या आहेत तशाच लावायच्या. राजकारण बंद. म्हणजे ठेकेदारानं पगार थकवला हे त्यावर सांगता येणार नाही, आणि 'उन्हाळ्यात पाणी भरपूर प्या' एवढं सांगता येईल. मग कसला आवाज आणि कुणाचा?

रेडिओ_वेडा:
अमुक ठेकेदारानं पगार थकवला, ही बातमी झाली आणि तिथं नियम आडवा येतो, मान्य. पण पगार थकला तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात कुठला कागद न्यायचा, ठेकेदाराकडून हजेरी कार्ड का मागून घ्यायचं, ही माहिती झाली, आणि ती भोजपुरीत दिली तर कुणी अडवत नाही. उलट २००६ च्या धोरणात निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून झाला पाहिजे अशी अटच आहे. आता शिरोलीचा कामगार 'स्थानिक' धरायचा की नाही, यावर खुशाल भांडा.

बावडेकर_मेलबर्न:
मूळचा कसबा बावड्याचा, सध्या मुक्काम मेलबर्न. इथलं सांगतो. १९७५ ला ऑस्ट्रेलिया सरकारनं मेडिबँक ही आरोग्य विमा योजना आणली. ती इंग्रजी न येणाऱ्यांना कळावी म्हणून सिडनीत २ईए आणि मेलबर्नला ३ईए अशी दोन रेडिओ केंद्रं वेगवेगळ्या भाषांत बोलायला लागली. तो प्रयोग थोड्या दिवसांचा होता. पण ग्रीक, इटालियन मंडळी माईकवर बसली ती उठलीच नाहीत, आणि त्यातूनच १९७८ ला एसबीएस ही अनेक भाषांतली सरकारी प्रसारण संस्था उभी राहिली. कुणी आधी 'कला' शिकवली नव्हती. कामाची माहिती स्वतःच्या भाषेत द्यायला बसवलं, बाकीचं त्यांनी केलं. तुमच्या ट्रस्टनंही नाटकापासून सुरुवात करू नये, हजेरी कार्डापासून करावी.

गांधीनगरवाला:
सगळे पोलंडचं कौतुक करताय, आमचं कुणाला आठवलं नाही. पोलिश गेले आणि त्याच छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. आजचं गांधीनगर ते हेच. आमच्या आजोबांना कुणी कार्यशाळा दिली नाही, प्रमाणपत्र दिलं नाही. डोक्यावर छप्पर मिळालं, धंदा करू दिला, बस्स. त्यातून कापडाचा बाजार उभा राहिला, आज लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा आमच्याकडं येतो. माणसाला उभं करायचं असेल तर भांडवल द्या, माईक देऊन काय होतं?

शिवाय पोलिशांच्या छावणीचा खर्च निदान सुरुवातीला तरी लंडनला बसलेलं त्यांचं स्वतःचं सरकार करत होतं. बिहारच्या पोराच्या मागं असं कोण उभं आहे?

(घरात सिंधी लिहिता येणारं आता कुणी नाही, हे खरंय. ते दुखणं वेगळं, इथं नको.)

पंचगंगा_काठ:
कंसात टाकलंत, पण मी ज्याबद्दल बोलतोय ते तिथंच आहे.

गांधीनगरवाला:
म्हणूनच कंसात टाकलं. पोट भरलेला माणूसच त्यावर हळहळू शकतो.

शाळेवरची_बाई:
हातकणंगले तालुक्यात शिक्षिका आहे. हंगामात टोळ्यांच्या खोपटांवर जाते, मुलं शाळेत आणायची म्हणून. तिथलं एक सांगते. संध्याकाळी चुलीपाशी बसलेल्या एका बाईनं दळणाच्या ओव्या म्हटल्या, शेवटी शेवटी तर जागेवर रचून. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, अजून किती फिटायची आहे, टोळीचा मुकादम कसा बोलला, सगळं त्यात आलं. तिला विचारून मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि लगेच ऐकवलं. बायांनी पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं, हसल्या, एकीनं डोळे पुसले. आणि मग तीच गाणारी म्हणाली, "बाई, आता पुसून टाका, त्यात त्याचं नाव हाय." तिच्यासमोर पुसलं.

तेव्हा 'त्यांना व्यक्त होता येत नाही' हे कुणी बोलू नका. त्यांना येतं. ते ऐकल्यावर कोण काय करील याची भीती आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर, ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. बाई पहाटे तीनला उठते, भाकऱ्या करून फडावर जाते, दिवसभर मोळ्या वाहते. वर्ग काढायचा तर तिच्या पोराला सांभाळायला माणूस ठेवा, आणि येणाऱ्याला बुडालेल्या वेळेची मजुरी द्या. हे दोन खर्च आधी लिहा. उरलं तर कॅमेरा घ्या. कॅमेऱ्याचं कोटेशन मात्र सगळ्यांच्या आधी तयार असतं, हे मी बऱ्याच उपक्रमांत पाहिलंय.

मोल्डिंग_शॉप:
बाईंशी सहमत. मजुरी देणार असाल तर मी स्वतः चारपाच पोरं पाठवतो. चहा-बिस्किटावर एकही येणार नाही.

तिसरी_घंटा:
शिकायला यायचे पैसे? मी तालमीला अख्खी उमेदवारी फुकट केली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले-फत्तेलाल पडेल ते काम करत शिकले, तेव्हा १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. त्यांना कुणी भत्ता देऊन बसवलं होतं?

पंचगंगा_काठ:
ते कंपनीत कामाला होते. शिकत होते आणि कमवतही होते. मजुरी द्या म्हणजे दुसरं काय? आणि तुमच्या लाईटवाल्याला, मेकअपमनला वर्गावर मानधन देऊन शिकवायला घेता येतं. तुमची पहिली तक्रार त्यात बऱ्यापैकी भागते.

तिसरी_घंटा:
मानधन कागदावर दाखवा, लाईटवाल्याला मी विचारतो. तरी माझं मत तेच. पहिला हक्क इथल्यांचा.

पंचगंगा_काठ:
बैठकीत खर्चाचा कागद मागतो. मजुरी, पोरं सांभाळणं, शिकवणाऱ्यांचं मानधन, या क्रमानं. कॅमेरा शेवटी.

मोल्डिंग_शॉप:
आणि टोळ्यांवर जायच्या आधी मुकादमाला भेटा. त्याच्या शब्दाबाहेर टोळी हलत नाही. आमच्याकडं ठेकेदाराला भेटावं लागेल.

शाळेवरची_बाई:
मुकादमाला विचारून काढलेल्या वर्गात मुकादमाबद्दल कोण बोलणार?

मोल्डिंग_शॉप:
न विचारता काढलेल्या वर्गाला कोण येणार, तेही सांगा.