फी भरली म्हणजे वर्ग विकत घेतला का?

खडूफळा: परवा इथे एक पोस्ट होती, "कॉलेजातली मुलं सज्ञान आहेत, लेक्चरला मोबाईल बघतील नाहीतर मधेच उठून जातील, फी भरलीय, शिस्त शाळेत ठेवा." वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. अरे बाबा, फी शेजारच्यानेही भरलीय ना? कॅनडातला एक प्रयोग २०१३ साली छापून आला, त्यात लेक्चर चालू असताना लॅपटॉपवर भलतंच करणाऱ्यांना टेस्टमध्ये ११ टक्के कमी पडले. ठीक, त्यांचं कर्म. पण ज्यांना नुसता दुसऱ्याचा स्क्रीन दिसत होता त्यांना १७ टक्के कमी!

शेवटचा_बाक: ती पोस्ट माझीच. सर स्लाइड जशीच्या तशी वाचून दाखवतात, ती आदल्या रात्रीच ग्रुपवर आलेली असते, मग ऐकायचं काय? मुळात हजेरीची सक्ती काढा, ज्यांना ऐकायचंय तेच येतील, गोंधळ आपोआप संपेल.

चष्मेवाली: माझ्या प्रेझेंटेशनला पहिल्या रांगेत दोघं मोबाईल मधे धरून खिदळत होती, मी तिसऱ्या स्लाइडलाच अडखळले ती शेवटपर्यंत. आली असतील सक्तीने, पण हसायची सक्ती कुणी केली होती?

तिरकस: शिस्तवाल्यांचं कौतुक मला सांगू नका. आमच्याकडे फीवाढीविरुद्ध पत्रक वाटलं तर 'बेशिस्त वर्तन' म्हणून नोटीस, आणि मॅनेजमेंटच्या कार्यक्रमाचे स्पीकर ऐन परीक्षेत खिडक्या हलवतात ते चालतं. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाला काळ्या फिती लावून आलेल्या मुलांना शाळेने घरी पाठवलं, तर १९६९ साली सुप्रीम कोर्टाने मुलांची बाजू घेतली. वाचा जरा.

खडूफळा: वाचलंय. फिती लावून ती मुलं गप्प बसली होती, आणि कोर्टाने बघितलं तेच, की शिकण्यात खरोखर मोठा अडथळा येतोय का. पत्रकाला नोटीस हा मूर्खपणा, घ्या, मान्य. पण चालू लेक्चरमध्ये घुसून घोषणा देणं त्यात बसत नाही.

अर्धवेळ: मी नाईट शिफ्ट करून कॉलेज केलं. पाच मिनिटं उशीर झाला की सर सगळ्यांसमोर, "या, उपकार झाले." रिस्पेक्ट फक्त खालून वर जायचा का? आणि हजेरी कमी म्हणून फॉर्म अडवला तो वेगळाच.

शेवटचा_बाक: बघा! मी केव्हापासून हजेरी म्हणतोय.

खडूफळा: तोंड सोडणारे मास्तर आहेत, नाही कुठे म्हणतोय. पण उशिरा येणारा मागच्या दाराने गुपचूप बसला तर कोण बोलतं? आमच्याकडे तो पुढून येतो, सगळी रांग उठवून मधली खुर्ची गाठतो, मग चार्जरसाठी परत सगळ्यांना उठवतो.

अर्धवेळ: मागचं दार कुलूपबंद असायचं साहेब. तुमच्यासारख्यांनीच लावलेलं.

चष्मेवाली: हजेरी काढा म्हणणाऱ्यांनी हेही सांगा, ग्रुपमधले प्रॅक्टिकलला आलेच नाहीत तर रिपोर्ट कोण लिहितं? मी. नावं मात्र चौघांची.

शेवटचा_बाक: बरं बाई, प्रॅक्टिकलला ठेवा सक्ती. आणि स्क्रीनवाल्यांना शेवटच्या रांगेत बसवा, मागून बघणारंच कुणी नाही. झालं समाधान?

तिरकस: शेवटची रांग फुल्ल आहे. झोपणाऱ्यांनी आधीच धरलीय.