गाडीतच राहतो, रात्रीच्या मुक्कामाबद्दल मदत हवी आहे (परभणी-जालना)

नमस्कार मंडळी. मी सौर पंप दुरुस्तीचं काम करतो. जिंतूर, सेलू, मंठा, परतूर अशी फिरती असते. परभणीत खोली होती, पण महिन्यातल्या वीस रात्री ती रिकामीच असायची. म्हणून दिवाळीनंतर ती सोडली आणि जुन्या मारुती ईको व्हॅनमध्येच बिऱ्हाड थाटलं. मागची सीट दुमडून फळी, फळीवर गादी, खाली हत्यारं. भाडं वाचलं, पण चार महिन्यांत तीन प्रकार झाले आणि आता उन्हाळा तोंडावर आलाय.

पहिला प्रकार ईकोवाल्यांनी ओळखलाच असेल. आईला भेटायला दोन दिवस एसटीनं गावी गेलो होतो. परत येऊन किल्ली फिरवली तर गाडी थ्रेशरसारखी ओरडली. सायलेन्सर गायब. बोल्ट मात्र खाली एका ओळीत मांडून ठेवलेले, चोरसुद्धा टापटिपीचा. मिस्त्री म्हणाला, सायलेन्सरच्या आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असलेली माती असते, ती काढून विकतात. नवीन बसवला, खिसा मोकळा झाला.

दुसरा प्रकार सप्ताहात झाला. कीर्तनाला तासभर बसलो, येऊन बघतो तर मागची काच फुटलेली आणि पंखा-दिव्यासाठी ठेवलेली लिथियमची बॅटरी गेलेली. आधीची ट्यूब्युलर, म्हणजे शिशाची बॅटरी, उचलायला दोन माणसं लागायची. ही बारा किलोची. हलकी म्हणून घेतली होती, चोरालाही हलकीच पडली. ठाण्यात गेलो तर साध्या कागदावर अर्ज घेतला आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाले.

पण झोप उडवली ती तिसऱ्या रात्रीनं. एका गावात शाळेजवळ गाडी लावून झोपलो होतो. दीडच्या सुमारास पत्र्यावर काठीचा आवाज. काचेतून बघतो तर सात-आठ जण, तोंडावर बॅटऱ्यांचा उजेड. "खाली उतर." मी बनियनवर. एकानं मागचं दार उघडलं आणि सगळे गप्पच झाले. केबलचं बंडल, ग्राइंडर, पाने, कटर. पंधरा दिवसांपूर्वी त्याच शिवारातून तीन मोटारींची केबल चोरीला गेलेली. म्हणजे चोराच्या गाडीत जे सापडायला पाहिजे ते सगळं माझ्याकडं होतं. ज्यानं बोलावलं त्या शेतकऱ्याचा फोन बंद. मी आपला "सोलर, सोलर" म्हणत राहिलो, एकानं तोवर कॉलर धरली होती. शेवटी कुणीतरी जाऊन ज्यांचा पंप दुपारी चालू करून दिला त्या आप्पांना उठवलं. आप्पा धोतर सावरत आले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आरं सोडा त्याला, ह्यो तर आपला सोलरवाला!" मग त्याच लोकांनी चहा पाजला. कप हातात धरवत नव्हता.

त्यांना दोष देत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री चोरांचे ड्रोन फिरतात या अफवेनं आपल्याकडं गावंच्या गावं जागली होती, आठवत असेल. आणि अफवेवरून काय होतं ते २०१८ साली धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला दिसलं. भिक्षा मागायला आलेले पाच जण मुलं पळवणारे समजून मारले गेले. माझं नशीब की आप्पा गावात होते.

तर अडचण अशी. मे महिन्यात काच लावून आत झोपलो तर भाजून निघेन. काच उघडी ठेवली तर हात घालून कुणीही दार उघडेल. आणि गावात थांबताना मीच चोर ठरू नये म्हणून काय करायचं? खोली घे असं सांगू नका, ते आई रोज सांगते.

हायवेकाका
लेकरा, बावीस वर्षं ट्रकवर काढली. एक गोष्ट ध्यानात ठेव, जिथं स्वैपाक करतो तिथं झोपायचं नाही. गॅसच्या उजेडात आख्खा रस्ता बघतो की हा गडी एकटा आहे. जेवण उरक, पाच-दहा किलोमीटर पुढं जा आणि दिवे बंद करून झोप. गाडीचं तोंड रस्त्याकडं, आणि गादीपासून स्टेअरिंगपर्यंत मधी काही सामान नको. खाली न उतरता निघता आलं पाहिजे. पंपावर थांबायचं तर तेल टाकून, मॅनेजरला विचारून. कुणी शेजारनं जाताना "ऑइल गळतंय" म्हणलं तर तिथं थांबू नको, माणसं दिसतील तिथं जाऊन बघ. सायलेन्सरच्या बोल्टवर वेल्डिंगचा ठिपका मार आणि चोर स्विच बसव. इलेक्ट्रिशियन तो गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या वायरीत लपवून देतो, किल्ली असली तरी गाडी चालू होत नाही. आन गुंगीचा फवारा मारतात म्हणतात, त्याला जप.

भूलवाली
काका, बाकी सगळं पटलं, फवारा नाही. माझं कामच भूल देण्याचं आहे. मास्क घट्ट बसवून, मोजून औषध दिलं तरी पूर्ण वेळ पेशंटवर लक्ष ठेवावं लागतं. खिडकीतून फवारा मारून माणूस तासभर गाढ झोपेल आणि सकाळी धडधाकट उठेल, असं होत नाही. सोलरवाले, तुमची खरी भीती वेगळी आहे. उकडतं म्हणून इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नका. नवा सायलेन्सर जोडाला गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. जोड आधी तपासून घ्या. दारं लावून आत गॅस पेटवणंही तसंच.

लातूरचा वकील
साध्या अर्जावर भागवू नका, एफआयआर नोंदवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीला कलम ३०३, आणि प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या वाहनातून वस्तू गेली तर ३०५ लावायला सांगा, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बॅटरीचं बिल जोडाच, कारण वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत दिसली की प्रकरण हलकं होतं. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तरीही घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. गाडीच्या विम्यात गादी, हत्यारं धरत नाहीत, त्यावर विसंबू नका.

पाटलाची सून
भाऊ, माझे सासरे पोलीस पाटील आहेत म्हणून सांगते. रात्री आलेली गाडी म्हणजे संशय, दिवसा आलेली म्हणजे पाहुणा. उजेड आहे तोवर पाटलाच्या घरी जा, आधारची झेरॉक्स द्या, कुणाचा पंप करायला आलात ते सांगा. ते गावच्या ग्रुपवर गाडीच्या नंबरासकट टाकतील. ग्रामसुरक्षा यंत्रणा असलेल्या गावात एका फोनवर सगळ्यांचे मोबाईल वाजतात. तसा फोन तुमच्याच नावानं जायला नको. गाडीवर दोन्ही बाजूंनी "सौर पंप दुरुस्ती" असं मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. आणि शाळेजवळ नका थांबू हो, लेकरांच्या जागी अनोळखी गाडी कुणालाच आवडत नाही. मारुतीच्या देवळापुढं लावा, तिथं म्हातारी माणसं निजलेली असतात.

सोलरवाला (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. सायलेन्सरचा जोड आज साबणाच्या पाण्यानं बघितला, एका ठिकाणी बुडबुडे आले. डॉक्टर ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर बघितला नसता. उद्याच मिस्त्रीकडं. रंगाऱ्याला सांगितलंय, नाव शनिवारी होईल. एफआयआरसाठी बिलाची दुसरी प्रत दुकानदाराकडून मागवली आहे.

राहिली खिडकी. आतून लोखंडी जाळी मारायची म्हणतोय, म्हणजे काच उघडी ठेवून पंखा लावता येईल. पण सगळ्या खिडक्यांना पक्की मारली आणि आत आग लागली तर मीच अडकायचो. म्हणून एक जाळी बिजागरीची, आतून कडी काढता येईल अशी हवी. सेलू किंवा जिंतूरला असं काम करून देणारा फॅब्रिकेटर कुणाच्या ओळखीत आहे का? ईकोची खिडकी सरकती आहे, माप सोबत देतो.